ताडपत्रीखालची गाडी

आमच्या घराचं गॅरेज आतून मोजलं तर पाच मीटर वीस सेंटिमीटर रुंद आहे. इथे कॉव्हेंट्रीत त्याला दोन गाड्यांचं गॅरेज म्हणतात. त्यात मी तीन गाड्या ठेवत होतो. जुन्या ब्रिटिश गाड्या आजच्या गाड्यांच्या मानाने अंगाने बारीक. ट्रायम्फ हेराल्ड, मॉरिस मायनर आणि एमजीबी, प्रत्येकीची रुंदी साधारण दीड मीटर. तीन दीड साडेचार, उरले सत्तर सेंटिमीटर. ते दोन भिंती आणि मधल्या दोन फटींत वाटले की प्रत्येक ठिकाणी वीतभरही जागा राहत नाही. थोडक्यात, गाड्या मावतात, पण कुठल्याही गाडीचं दार उघडत नाही.

मग दार न उघडता गाडी आत कशी जाते? ती बाहेरच बंद करायची, चारही चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवायच्या आणि ढकलत ढकलत भिंतीला लावायची. बाहेर काढताना हेच उलट. आधी पुढची सायकल हलवायची, मग मखराचे थर्माकोलचे तुकडे, मग महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीचे मोठे टोप, मग तांदळाच्या पिशव्या, मग भारतात जायच्या बॅगा. फ्रीझर हलत नाही, त्याला वळसा घालायचा. एवढं करून मधली गाडी बाहेर काढली की तिच्या पलीकडची हलते. रविवारी सकाळी तासभर चक्कर मारायची तर त्याआधी दीड तास हमाली.

मला याचा अभिमान होता. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी गॅरेज दाखवायचो. गेल्या मे महिन्यात तो अभिमान उतरला, आणि त्यातून एक मत पक्कं झालं. ते असं: आपण महिन्यातून दोनदा ज्या गाड्या चालवू शकतो तेवढ्याच गाड्या आपल्या. त्यापलीकडच्या गाड्या आपण सांभाळत नसतो. आपण त्यांना अडकवून ठेवलेलं असतं.

त्या दिवशी मी हेराल्ड बाहेर काढायला गेलो होतो. १९६८ची गाडी, १३/६० मॉडेल, २००६ साली घेतलेली. २०१९ मध्ये मी नोकरीतून लवकर निवृत्त झालो आणि स्वतःला बक्षीस म्हणून १९७३ची एमजीबी जीटी घेतली. तिला जागा हवी म्हणून हेराल्ड सगळ्यात आतल्या भिंतीला गेली. वर चांगलं जाड कव्हर घातलं. मग कोविड आला, मग गुडघा दुखायला लागला, मग इंडियाच्या दोन वाऱ्या झाल्या. ‘पुढच्या उन्हाळ्यात नक्की’ असं म्हणत जवळजवळ पाच वर्षं गेली.

कव्हर काढलं तेव्हा वरून गाडी छान दिसत होती. पण ढकलली तर हलेना. मागचे ब्रेक ड्रमला धरून बसले होते. क्लच दाबून पाहिला तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. कार्ब्युरेटर उघडला तर पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झालेला. हीटरच्या पाइपात उंदरांनी घर केलं होतं आणि डॅशबोर्डमागच्या दोन वायरींची चव घेतली होती. सगळ्यात वाईट गोष्ट खाली होती. हेराल्डला वेगळी चॅसिस असते आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना पत्र्याचे हात निघालेले असतात, त्यांवर बॉडी बसते. त्यातल्या एका हाताला स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर तो आरपार गेला. कव्हराखाली दमट हवा कोंडली होती आणि पत्रा आतल्या आत कुजत होता.

मी फ्रीझरवर बसून राहिलो. बायको दारात येऊन म्हणाली, “अहो, काय झालं?” मी म्हटलं, “साताऱ्याची गाडी पुन्हा मेली.” तिला लगेच कळलं. वाचकांना मात्र ती गोष्ट सांगायला हवी.

माझ्या वडिलांकडे साताऱ्याला स्टँडर्ड हेराल्ड होती. ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली इंग्लंडमध्ये आली. कॉव्हेंट्रीतल्या कॅन्लीच्या कारखान्यात ती बनायची. १९६१ पासून तीच गाडी मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स बनवू लागली. भारतात तिला पुढे चार दरवाजेही मिळाले, जे इथे तिला कधी मिळाले नाहीत. वडिलांनी १९६६ची गाडी १९७३ मध्ये सेकंडहँड घेतली. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पुण्याला जाताना खंबाटकी घाटात ती हमखास तापायची. वडील गाडी बाजूला घ्यायचे आणि पुढचा सगळा भाग, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटा उघडायचे. हेराल्डचं बोनेट तसंच उघडतं, इंजिन आणि दोन्ही चाकं मोकळी होतात. वडील पुढच्या टायरवरच बसायचे, पाना हातात घेऊन, आणि इंजिन निवायची वाट बघत आम्हाला एकेक भाग ओळखायला लावायचे. हा डायनॅमो, हा फॅनबेल्ट, हा डिस्ट्रिब्युटर. मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो त्याचं अर्ध श्रेय त्या घाटाला आहे.

१९८९ साली मी इथे आलो. १९९४ मध्ये वडील गेले. तेराव्यानंतर धाकट्या भावाने विचारलं, “दादा, गाडीचं काय करायचं? एक जण घ्यायला तयार आहे. त्याचं गॅरेज आहे, नीट करून वापरील म्हणतो.” मी म्हटलं, “बाबांची गाडी आहे, विकू नकोस. मी आलो की बघतो.” गाडी अंगणात ताडपत्रीखाली गेली. मी दर दोन वर्षांनी जायचो, ताडपत्री उचलून बघायचो, स्टिअरिंगवर हात फिरवायचो, एक फोटो काढायचो आणि परत यायचो. पावसाळ्यात ताडपत्रीवर पाणी साचायचं ते उपसायचा भाऊ. उंदीर-घुशी आवरायचा भाऊ. शेजाऱ्यांची बोलणी खायचा भाऊ. २००३ साली त्याचा फोन आला. गाडीचा खालचा पत्रा गळून पडला होता, ती ओढूनही नेता येण्यासारखी नव्हती. भंगारवाल्याने ती गॅसकटरने कापली आणि किलोच्या भावाने नेली. मला त्याचा राग आला होता. आज लाज वाटते ती माझ्या रागाची. नऊ वर्षांपूर्वी ती गाडी घ्यायला एक माणूस दारात उभा होता. त्याला मी दीड मिनिटाच्या ट्रंक कॉलवर परत पाठवलं होतं.

कॉव्हेंट्रीतली हेराल्ड मी त्या गाडीच्या आठवणीसाठी घेतली. आणि तिच्याशीही अगदी तेच केलं. फरक इतकाच, की या वेळी ताडपत्रीच्या जागी महागडं कव्हर होतं आणि दोष द्यायला धाकटा भाऊ नव्हता.

जुन्या गाडीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. ती चालवली की झिजते, उभी ठेवली की टिकते, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात काही महिन्यांपलीकडे उलटंच घडतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्या पाण्याने ब्रेकच्या सिलिंडरला आतून गंज चढतो आणि पिस्टन अडकतो. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो न चालो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालं. इथेनॉलही पाणी ओढून घेतं आणि जुने रबरी पाइप, सील खराब करतं. म्हणून आम्ही जुन्या गाडीवाले महाग सुपर पेट्रोल भरतो, त्यात ते पाच टक्क्यांपर्यंत असतं. पण टाकीत पाच वर्षं पडलेलं कुठलंही पेट्रोल पेट्रोल राहत नाही. इंजिनातलं तेल खाली उतरतं, सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात. टायरची नक्षी नवी दिसते, पण एकाच जागी भार घेऊन तो चपटा होतो आणि वयाने बाजूने तडकतो. रबरी सील सुकतात. बॅटरी चार्ज न झाल्याने मरते.

यावर औषध साधं आहे. पंधरा दिवसांतून एकदा गाडी पंधरा-वीस मैल चालवायची, इंजिन आणि तेल पूर्ण गरम होऊ द्यायचं. नुसतं गॅरेजमध्ये पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवण्याने भलं होत नाही, उलट वाईट होतं. पाण्याची वाफ सायलेन्सरमध्ये आणि तेलात जमते आणि गाडी तशीच थंड होते. शिवाय बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी बाहेर काढून चालवली पाहिजे. आणि बाहेर काढायला दीड तास हमाली असेल, तर माणूस काढत नाही. गर्दी गाडी मारते ती अशी. आपण आळशी नसतो, पण दर वेळी तीन गोष्टी हलवाव्या लागल्या की ‘आज नको’ म्हणणं सोपं होतं.

गर्दीचा दुसरा धोका आगीचा. माझ्या गॅरेजमध्ये फ्रीझर आहे. फ्रीझरचा थर्मोस्टॅट चालू-बंद होताना ठिणगी पडू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. शेजारी पन्नास वर्षं जुन्या रबरी पाइपाची गाडी. हे सगळं मी इंजिनिअर असून वर्षानुवर्षं बघत होतो आणि मला ते दिसत नव्हतं. तिसरा धोका गाडीखाली जायचा. वीतभर फटीत अ‍ॅक्सल स्टँड नीट बसत नाही, म्हणून मी एकदा नुसत्या जॅकवर गाडी उचलून अर्धं अंग खाली घातलं होतं. गाडी पडली नाही, म्हणून हा लेख लिहितो आहे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जागा नसेल तर काम करू नये.

आता कायद्याकडे बघा. ब्रिटनमध्ये गाडीला ४० वर्षं झाली की ती ‘ऐतिहासिक’ ठरवून घेता येते. मग रोड टॅक्स लागत नाही. मे २०१८ पासून, गाडीत मोठे बदल केले नसतील, तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. गाडी रस्त्यावर आणायचीच नसेल तर ‘सॉर्न’ म्हणून एक फुकटची नोंद केली की विमाही नको. सरकारने हे चांगल्या हेतूने केलं आणि मी त्याचा फायदा घेतलाच. पण त्याचा एक परिणाम असा, की गाडी न चालवता ठेवणं जवळजवळ फुकट झालं. दर वर्षी टॅक्सची नोटीस आली असती, एमओटीची तारीख आली असती, तर माझी हेराल्ड पाच वर्षं भिंतीला राहिली नसती. आता मी स्वतःहून दर वर्षी एमओटी करून घेतो. जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स फी. त्या पैशात एक तिऱ्हाईत, भावना नसलेला माणूस, गाडी वर उचलून खालून बघतो. गाडीवर प्रेम करणाऱ्या माणसाला हे जमत नाही. सक्ती नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी चालवली तर २५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, गाडी कितीही जुनी असली तरी.

माझ्या या मतावर मित्रांनी तीन आक्षेप घेतले, तिन्हींत तथ्य आहे.

पहिला, “अरे, जुन्या गाड्यांच्या किमती वाढतात, ठेव की!” काही गाड्यांच्या वाढतात, खरं. पण वाढते ती चालत्या, कागदपत्रं नीट असलेल्या गाडीची किंमत. मी हेराल्डच्या चॅसिसवर, ब्रेकवर, क्लचवर जो खर्च केला, त्यात त्या पाच वर्षांची सगळी ‘गुंतवणूक’ बुडाली. ज्याला गुंतवणूक करायची आहे त्याने बँकेत जावं, बँकेत उंदीर वायरी खात नाहीत.

दुसरा, “आपण नाही ठेवल्या तर या गाड्या संपतील.” हा आक्षेप मला जास्त लागतो, कारण त्यात वारशाची भाषा आहे. पण जरा आकडे बघू. एमजीबी पाच लाखांहून अधिक बनल्या, हेराल्डही तितक्याच. मॉरिस मायनर सोळा लाखांच्या घरात. एमजीबीची तर अख्खी नवी बॉडी १९८८ पासून विकत मिळते. गाड्या संपणार नाहीत. संपतील त्या त्यांना हात लावणारी माणसं. पॉइंट कसे सेट करायचे, चोक किती ओढायचा, एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये तेल कधी घालायचं, हे जाणणारी पिढी आज सत्तरीत आहे. ज्याच्याकडे तीन गाड्या अडकल्या आहेत त्याने एक तिशीतल्या माणसाला दिली आणि सोबत चार रविवार दिले, तर वारसा टिकला. आपल्या कव्हराखाली नुसता पत्रा राहतो, तोही फार काळ नाही.

तिसरा, “जुन्या गाड्या धूर सोडतात, उलट चालवूच नयेत.” माझी मुलगी हे म्हणते. ती चुकीचं बोलत नाही. या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही आणि रोज कामावर जायला त्या वापरणं मला पटत नाही. वर्षाला हजारभर मैल, गावाबाहेरच्या रस्त्यावर, एवढंच मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. पण याच न्यायाने गाड्या कमी असाव्यात. हजार मैल एका गाडीला पुरतात, दोघींना कसेबसे. तिघींना पुरत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, ती मित्र बोलत नाहीत, बायका बोलतात. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, असेच जुन्या गाड्यांचे शौकीन, दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. मागे चार गाड्या, त्यातल्या दोन सुट्या भागांत. कपाटात शेकडो डबे, एकावरही चिठ्ठी नाही. कुठली किल्ली कुठल्या गाडीची, कुठलं गाडीचं पुस्तक कुठे, काही पत्ता नाही. त्यांच्या पत्नीला आधी नवऱ्याचं दुःख आणि वर हा पसारा. गाड्या घ्यायला लोक आले ते पडेल भाव सांगत, कारण वहिनींना किंमत माहीत नव्हती आणि गाड्या सुरू होत नव्हत्या. घरी परतताना बायको गाडीत शांतपणे म्हणाली, “तुम्ही गेल्यावर मी कोणाला विचारू?”

त्या आठवड्यात मी एक फाइल केली. प्रत्येक गाडीचं नोंदणीचं पुस्तक, विमा, किल्लीचा फोटो, काय काम झालं, काय बाकी आहे, अंदाजे किंमत, आणि विकायची झाली तर कुठल्या क्लबच्या कोणाला फोन करायचा. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. ही फाइल करताना दिसलं की एमजीबीच्या पानावर लिहायला मला फारसं काही नव्हतं. दोन वर्षांत ती एकशे चाळीस मैल चालली होती. ती सुंदर होती, म्हणून होती.

मुलीलाही विचारलं. वाटलं होतं ती म्हणेल, “बाबा, हेराल्ड ठेवा, मी घेईन.” ती म्हणाली, “बाबा, मला नको आहे. मी लंडनमध्ये फ्लॅटमध्ये राहते, माझ्याकडे नवी गाडीसुद्धा नाही. आणि तुम्ही माझ्यासाठी ठेवताय असं म्हणू नका, मला ते ओझं होतं.” दोन दिवस मला वाईट वाटलं. मग आठवलं, १९९४ साली भावाने मला विचारलं होतं तेव्हा मी इतकं स्पष्ट बोललो असतो, तर वडिलांची गाडी त्या गॅरेजवाल्याकडे अजून दहा वर्षं तरी धावली असती.

एमजीबी मी विकली. एका तरुण शिक्षकाने घेतली, तो दर शनिवारी चालवतो आणि अडला की मला फोन करतो. पैसे आले ते हेराल्डच्या चॅसिसमध्ये गेले. मायनर राहिली. ती ट्रॅव्हलर आहे, मागे अ‍ॅश लाकडाची चौकट आणि दोन उघडती दारं असलेली. ते लाकूड शोभेचं नाही, मागची बॉडी त्याच्यावर उभी आहे. ते कुजलं तर एमओटीत गाडी नापास होते. पण ती गाडी कुजत नाही, कारण ती सतत बाहेर असते. तिची मागची दारं उघडली की मंडळाचा गणपती मखरासकट मावतो, म्हणून वर्षातून एकदा ती मिरवणुकीत असते आणि एरवी बायको तिच्यातून भाजी आणते. तीन गाड्यांत जिची कधी कौतुकाने धूळ पुसली नाही, तीच सगळ्यात धडधाकट निघाली.

गॅरेजमध्ये आता दोन गाड्या आहेत. दोन्हींची दारं उघडतात. फ्रीझर घरात आला. हेराल्ड बाहेर काढायला मला चार मिनिटं लागतात, आणि म्हणूनच गेल्या रविवारी पाऊस थांबल्यावर मी ती काढली. गुडघा अजून क्लच दाबू देतो. ज्या वर्षी देणार नाही त्या वर्षी तिचं काय करायचं, ते फाइलमध्ये लिहिलेलं आहे. नाव लिहिलं आहे, ते माझ्या मुलीचं नाही.

हे सगळं परदेशातल्या हौशी लोकांपुरतं आहे, असं कोणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. आपल्यापैकी किती जणांच्या गावाकडच्या अंगणात, वाड्याच्या बोळात, सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात एखादी प्रीमियर पद्मिनी, एखादी अ‍ॅम्बॅसडर, एखादी बजाज चेतक ताडपत्रीखाली उभी आहे? अ‍ॅम्बॅसडर उत्तरपाड्याला २०१४ मध्ये बनायची थांबली. पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीला मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, फोटो पाठवले. आणि घरची पद्मिनी? तिच्याबद्दल आपण फोनवर सांगितलेलं असतं, “राहू दे, मी आलो की बघतो.” आठवण आपली आणि ताडपत्रीवरचं पाणी उपसायचं भावाने, वहिनीने, म्हाताऱ्या आईने. हा हिशेब बरोबर नाही.

खरंच ठेवायची असेल तर ठेवा, पण मग रीतसर ठेवा. भारतात २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, नोंदणी दहा वर्षं चालते आणि नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठी ती बाहेर काढता येते. पन्नासपेक्षा तरुण गाडी असेल तर पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करावं लागतं. हे सगळं करायला गावात एक माणूस हवा, ज्याला गाडीची हौस आहे आणि जो महिन्यातून दोनदा ती चालवील. त्याला खर्चाचे पैसे तुम्ही पाठवा. असा माणूस नसेल, तर गाडी चालती आहे तोवर ज्याला हवी आहे त्याला देऊन टाका. वडिलांची आठवण गाडीत नसते असं मी म्हणणार नाही. असते. म्हणून तर ती चालत्या गाडीत असताना दुसऱ्याच्या हाती द्यायची.

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येत, पाऊस, आंबे झाल्यावर एवढं विचारा: “ती गाडी शेवटची कधी सुरू केली होती?” उत्तरादाखल पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली, तर काय करायचं ते त्याच फोनवर ठरवा.